अठरा पुस्तकं, चौदा देश आणि एकच वर्ष

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. शाळेच्या शेवटच्या टप्प्यातल्या, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ‘विश्वसाहित्य आणि लेखन’ हा वर्षभराचा विषय शिकवण्याची जबाबदारी तुमच्यावर पहिल्यांदाच आली आहे. तुम्ही १८ पुस्तकांची यादी केली आहे आणि तिच्यात १४ देश आले आहेत. पहिल्या सत्रात वाचन, दुसऱ्या सत्रात लेखन, असा बेत आहे. आणि तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: एखादा खंड सुटला आहे का, वाचन-लेखनाची अशी वाटणी चालेल का, आणि पहिल्या दिवशी वर्गात काय करावं.

खंड कुठलाच सुटलेला नाही, पण हिशेब सुटला आहे. आधी तो मांडू.

वर्षाला ३४ आठवडे आणि आठवड्याला ४ तास धरले तर कागदावर १३६ तास होतात. परीक्षा, कार्यक्रम, तुमचं-मुलांचं आजारपण, ऐनवेळी दुसऱ्या विषयाला दिलेले तास, यात पाव हिस्सा सहज जातो. हाती उरतात जेमतेम १००. त्याला १८ने भागा. एका पुस्तकाला साडेपाच तास, आणि तेही मुलांनी वर्गात एक ओळसुद्धा लिहिली नाही असं धरून. एवढ्या वेळात कादंबरीबद्दल सांगून होतं, ती वाचून होत नाही.

हे मी पुस्तकी ज्ञानातून सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्षीची यादी तुमच्याहून थोडीच लहान होती. प्रत्येक खंडाला मान, प्रत्येक शतकाला जागा. वर्षाच्या शेवटी मी मुलांना सांगितलं, वाचलेल्यांपैकी कुठल्याही एका कृतीवर मनापासून दोन पानं लिहा. दहापैकी आठ वह्यांत पहिलं वाक्य लेखकाच्या जन्मसालाचं होतं. दुसरं त्याला मिळालेल्या पुरस्कारांचं. मुलांचं चुकलं नव्हतं. मी वर्षभर त्यांना तेवढंच दाखवलं होतं: बसच्या खिडकीतून दिसलेल्या स्मारकांच्या पाट्या.

‘विश्वसाहित्य’ या शब्दाकडेच एकदा नीट बघा. जर्मन कवी गटेनं १८२७मध्ये त्याचा सहायक एकरमानशी बोलताना तो वापरला, तेव्हा तो नुकतीच एक चिनी कादंबरी वाचत होता आणि ती किती जवळची वाटली याचं त्याला नवल वाटत होतं. त्याच्या डोक्यात थोर ग्रंथांची सूची नव्हती. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत जातं, तिथे कुणीतरी त्यावर बोलतं, आणि ते फिरून पुन्हा येतं, ही ये-जा त्याला अभिप्रेत होती. अभ्यासक्रम या ये-जेवर उभा करा. मग ‘अमुक देश राहिला’ ही टोचणी आपोआप कमी होते, कारण देशांची हजेरी घेणं हे कामच उरत नाही.

म्हणजे व्यवहारात काय? एकेकटं पुस्तक निवडायचं सोडून द्या आणि एकमेकांशी बोलणाऱ्या, शक्य तर भांडणाऱ्या, जोड्या निवडा. रशियन लेखक गोगोलनं १८३५मध्ये एका वेड्या कारकुनाची रोजनिशी लिहिली. चिनी लेखक लू शुननं १९१८मध्ये तेच शीर्षक उचललं आणि चिनी समाजावर उलटवलं. वर गंमत अशी की त्याच्या कथेची प्रस्तावना जुन्या अभिजात चिनीत आहे आणि वेड्याची रोजनिशी बोलीच्या जवळच्या भाषेत. शहाणा माणूस मृत भाषेत बोलतो, वेडा जिवंत भाषेत. फ्रेंच लेखक कामूच्या १९४२च्या ‘द स्ट्रेंजर’ या कादंबरीत ज्याचा खून होतो त्या अरबाला नावही नाही. अल्जीरियाच्या कामेल दाऊदनं २०१३मध्ये त्याच्या भावाला बोलतं केलं आणि मेलेल्याला मूसा हे नाव दिलं. कामूची सुरुवात ‘आज आई वारली’ अशी आहे, दाऊदची ‘आज आई अजून जिवंत आहे’ अशी. ही दोन वाक्यं फळ्यावर शेजारी-शेजारी लिहा आणि गप्प बसा. पाच मिनिटांत वर्ग बोलू लागतो.

माझी सगळ्यांत खात्रीची जोडी, खरं तर त्रिकूट, ‘अँटिगनी’चं आहे. त्यावर जरा थांबतो, कारण वाचन आणि लेखन एकत्र कसं गुंफायचं ते इथे सर्वांत स्पष्ट दिसतं.

ग्रीक नाटककार सोफोक्लीजचं हे नाटक इसवी सनापूर्वी ४४१च्या आसपासचं. दोन भाऊ एकमेकांच्या हातून मरतात. राजा क्रिऑन एकाला सन्मानानं पुरतो, आणि शहरावर चालून आलेल्या दुसऱ्याचं प्रेत उघड्यावर टाकायचा हुकूम काढतो. बहीण अँटिगनी हुकूम मोडून त्याच्यावर माती टाकते. सोळा वर्षांचं कुठलंही मूल पहिल्या पानापासून अँटिगनीच्या बाजूनं असतं, आणि म्हणूनच तिच्यावर निबंध मागितला की एकसारखे चाळीस निबंध येतात: धाडसी, बाणेदार, अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली. मी पहिलं लेखन मागतो ते क्रिऑनच्या वतीनं. यादवी कालच संपली आहे, गादीवर बसून एक दिवस झाला आहे, शहरात फितूर असू शकतात. तीनशे शब्दांत क्रिऑनचं बाजू मांडणारं भाषण लिहा, आणि त्यात तो खलनायक वाटला तर काम पुन्हा. वर्ग कुरकुरतो. पण हे भाषण लिहून झालं की दुसऱ्या वाचनात मुलांना नाटक वेगळं दिसतं. दोन बरोबर बाजूंची टक्कर, असं जर्मन तत्त्वज्ञ हेगेलनं या नाटकाबद्दल का म्हटलं, ते मग व्याख्यान न देता कळतं.

पुढे फ्रेंच नाटककार आनुईचं ‘अँटिगनी’. ते फेब्रुवारी १९४४मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये रंगमंचावर आलं, तेही सेन्सॉरची मंजुरी घेऊन. हे मुलांना कोडं म्हणून द्या: शत्रूच्या राजवटीत बंडखोर मुलीचं नाटक पास कसं झालं? उत्तर संहितेतच आहे, क्रिऑनला मिळालेल्या लांबलचक, समंजस संवादांत. मग १९७३चं ‘द आयलंड’, अॅथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन एन्त्शोना या तिघांनी मिळून घडवलेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषी राजवटीत बेटावरच्या तुरुंगात डांबलेले दोन कैदी ‘अँटिगनी’ बसवत असतात. एकाला लवकर सुटका मिळणार असते, दुसऱ्याला जन्मठेप आहे, आणि बाईचा टोप घालून अँटिगनी व्हायला तो तयार नाही. वाचून झालं की मुलांना सांगा, रॉबेन बेटावरच्या कैद्यांनी खरोखरच हे नाटक केलं होतं आणि त्यात क्रिऑनचं काम नेल्सन मंडेलांनी केलं होतं. मंडेला आणि क्रिऑन! यावर दहा मिनिटं लिहायला लावा. माझ्या वर्गातलं दरवर्षीचं सर्वांत चांगलं उत्स्फूर्त लेखन याच दहा मिनिटांत होतं.

आणि आता निबंध. तीन आठवडे हे सगळं करून झाल्यावर, आधी नाही. निबंधात मुलं कुठे अडकतात ते तुम्हाला माहीत असेलच: मुद्दा म्हणून जे लिहितात त्यावर कुणाचा वादच नसतो. ‘अँटिगनी धाडसी होती’ यावर कोण भांडणार? मी मुलांना एक जागा दाखवतो. शेवटाकडे आंधळा द्रष्टा टायरिसियस याचं भाकीत ऐकून क्रिऑन नमतो. वृंद (नाटकातला कोरस) त्याला सांगतो, आधी गुहेत कोंडलेल्या अँटिगनीला सोडव, मग प्रेताला पुर. क्रिऑन निघतो, आणि नंतर दूत येऊन जे सांगतो त्यात क्रम उलटा झालेला असतो: आधी प्रेताचे संस्कार, मग गुहा. तोवर अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. हे एकदा वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतं. आता ‘क्रिऑन बदलतो तेव्हाही त्याला जिवंत माणसाआधी प्रेताचीच काळजी असते’ असं विधान करता येतं. याला विरोध होऊ शकतो (देवांचा कोप आधी शमवायला नको का?), पुरावा संहितेत आहे, आणि पाचशे शब्द त्यावर उभे राहू शकतात. मुद्दा म्हणजे काय, हे मी व्याख्या देऊन कधीच शिकवू शकलो नाही. या एका जागेनं शिकवता आलं.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट ‘नाही’ असं आहे. वाचन एका सत्रात आणि लेखन दुसऱ्या सत्रात ठेवू नका. तसं केलंत तर पहिलं सत्र व्याख्यानमाला होते आणि दुसऱ्यात मुलं विसरलेल्या पुस्तकांवर लिहितात. यादीत कुठलीही कृती घेताना एकच कसोटी लावा: हिच्यातून मुलं लिहिण्याबद्दल नेमकं काय शिकणार? उत्तर एका वाक्यात देता आलं नाही तर ती कृती कितीही थोर असो, या वर्षापुरती बाजूला ठेवा. ‘गिल्गमेश’ हे प्राचीन मेसोपोटेमियाचं महाकाव्य तुमच्या यादीत पहिलं आहे. मला ते फार प्रिय आहे. तरी मी ते पूर्ण घेत नाही. महापुराची अकरावी मृत्पट्टिका घेतो, एक तास. ती पट्टिका १८७२मध्ये जॉर्ज स्मिथनं वाचून दाखवली तेव्हा काय खळबळ उडाली, ती गोष्ट मुलांना आवडते. मग पुढे जातो.

या कसोटीवर उतरलेली वर्षाची आखणी माझ्याकडे साधारण अशी असते. गळती धरूनचे आठवडे सांगतो.

पहिले पाच आठवडे कथा, आणि एकच प्रश्न: सांगतंय कोण? चेखवची १८८६ची कथा घेतो, मुलगा गमावलेल्या टांगेवाल्या इओनाची. तो रात्रभर गिऱ्हाइकांना आपलं दुःख सांगू बघतो, कुणी ऐकत नाही, शेवटी तो घोडीला सांगतो. इथे मुलं शिकतात ते हे की सांगता न आलेलं दुःख लेखक किती वेळ पानावर धरून ठेवू शकतो. लेखन: एक पान, ज्यात एका माणसाला काहीतरी सांगायचं आहे आणि ते त्याला सांगता येत नाही. भावनेचं एकही नाम वापरायचं नाही. त्यानंतर जपानी लेखक अकुतागावाची १९२२ची ‘झुडपात’ ही कथा, जिच्यावर कुरोसावाचा ‘राशोमोन’ हा चित्रपट बराचसा उभा आहे. तिच्यात निवेदक नाही, सात जबान्या आहेत, आणि कमाल अशी की तिघंजण एकच मृत्यू आपापल्या हातानं झाल्याचं सांगतात. आरोपी आरोप झटकतात ही आपली सवयीची समजूत इथे उलटी पडते. लेखन: शाळेतलीच एखादी क्षुल्लक घटना, तीन जबान्या, निवेदक नाही. पुरावा आणि दावा यांतला फरक निबंधाच्या आधी इथेच कळलेला असतो.

मग सहा आठवडे ‘अँटिगनी’.

मग चार आठवडे अनुवाद. बहुतेक अभ्यासक्रमांत हा भागच नसतो, आणि माझ्या मते ही मोठी चूक आहे. या विषयात मुलं जे वाचतात त्यातलं बहुतेक सगळं अनुवादित असतं, आणि तरीही ‘लेखकाची शब्दकळा’ यावर गुण देणारे प्रश्न विचारले जातात. कुणाची शब्दकळा? वर्गात हे उघड बोला. काफ्काच्या १९१५च्या ‘रूपांतरा’च्या पहिल्याच वाक्यात ग्रेगोर साम्सा जागा होतो आणि स्वतःला ‘उन्गेत्सीफर’ झालेला बघतो. कीटक? किडा? उपद्रवी कीड? जर्मन शब्द यांपैकी एकही नेमका नाही. त्यात किळस आहे, प्राणिशास्त्र नाही. काफ्कानं प्रकाशकाला पत्र लिहून बजावलं होतं की मुखपृष्ठावर तो जीव काढायचा नाही, लांबूनसुद्धा दाखवायचा नाही. मुखपृष्ठावर आला तो अर्धवट उघड्या दारापाशी तोंड झाकून घेतलेला माणूस. आता मुलांच्या हातात पहिल्या परिच्छेदाचे दोन-तीन वेगवेगळे अनुवाद द्या आणि दोनशे शब्द मागा, फक्त या एका शब्दावर.

बाशोचा बेडकाचा हायकू (१६८६) त्याहून सोपा आणि त्याहून अवघड. जुनं तळं, बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज. पण बेडूक एक की अनेक? जपानी नाम ते सांगत नाही. लाफ्कादिओ हर्ननं अनेक बेडूक केले. बहुतेकांनी एकच ठेवला. मराठीत ‘बेडूक’ हे एकवचन आणि अनेकवचन दोन्हीला चालतं, पण क्रियापदापाशी आलात की ‘मारतो’ की ‘मारतात’ हे ठरवावंच लागतं. शांततेत एक थेंब की पावसाळी गोंधळ, हा सगळा फरक त्या एका प्रत्ययात आहे. यानंतर मुलं स्वतः अनुवाद करतात. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेतली एखादी छोटी कविता, गाणं किंवा आजीची म्हण घ्यायची, शिकण्याच्या भाषेत आणायची, आणि सोबत एक पान टिपण: काय आणता आलं नाही आणि त्याबदल्यात काय केलं. या कामात नेहमी मागे बसणारी मुलं अचानक पुढे येतात. ज्यांच्या घरची भाषा वर्गात कधी ऐकूच येत नाही, त्यांच्याकडे त्या दिवशी इतरांपेक्षा जास्त माल असतो.

पुढचे पाच आठवडे नॉर्वेचा नाटककार इब्सेन. ‘अ डॉल्स हाउस’ १८७९चं. नायिका नोरा नवरा-मुलांना सोडून, दार ओढून निघून जाते हा शेवट सगळ्यांना ठाऊक असतो. कमी ठाऊक असतं ते हे की जर्मनीतल्या प्रयोगासाठी तिथल्या प्रमुख अभिनेत्रीनं मुलांना सोडून जाणारी आई करायला नकार दिला, आणि दुसऱ्या कुणी मोडतोड करण्याऐवजी इब्सेननं स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला, ज्यात नोरा थांबते. तो स्वतःच त्याला रानटी अत्याचार म्हणत असे. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचा. मग लू शुन पुन्हा येतो. १९२३मध्ये बीजिंगच्या मुलींच्या महाविद्यालयात त्यानं व्याख्यान दिलं, त्याचा विषयच होता ‘नोरा गेल्यावर पुढे काय होतं?’ आणि त्याचं उत्तर फार कोरडं आहे: हातात पैसा नसेल तर ती परत येईल किंवा धुळीला मिळेल. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांच्या तोंडावर पाणी. लेखन: दुसऱ्या दिवशीची सकाळ, एक प्रवेश, फक्त संवाद. अट अशी की कुणीही भाषण ठोकायचं नाही.

मग सहा आठवडे नायजेरियाच्या अचेबेची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८). इथे एक सूचना. कादंबरीचे २५ अध्याय आहेत आणि पहिला भाग १३ अध्यायांचा आहे. तेवढ्या भागात गोरा माणूस जवळजवळ दिसतच नाही. मुलं दुसऱ्या आठवड्यात तक्रार करतात की काही घडतच नाही. त्यांना शेवटापर्यंत नेऊन मगच या तक्रारीला उत्तर द्या. शेवटच्या परिच्छेदात जिल्हा आयुक्त मनाशी म्हणतो की या ओकोंक्वोवर (कादंबरीच्या नायकावर) आपल्या पुस्तकात एक प्रकरण लिहिता येईल, अगदी प्रकरण नाही तरी बऱ्यापैकी परिच्छेद. बस. मुलांना सांगायचं: तो परिच्छेद लिहा. आयुक्ताच्या भाषेत, त्याच्या आत्मविश्वासानं. मग आपला परिच्छेद आणि मागचे २५ अध्याय यांची तुलना करणारा निबंध. पहिल्या तेरा अध्यायांत ‘काही घडत नव्हतं’ म्हणजे नेमकं काय घडत होतं, ते मुलं स्वतःच लिहितात. कॉनरॅड मी या वयाला पूर्ण देत नाही. ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधली नदीकाठाच्या वर्णनाची दोन पानं आणि अचेबेच्या १९७५च्या, तिच्यावर टीका करणाऱ्या व्याख्यानातला निवडक भाग पुरतो.

इथला धोका मला वर्षानुवर्षं पुरून उरला आहे. मुलं लिहितात, ‘इग्बो संस्कृतीत (ओकोंक्वोच्या समाजात) असं असतं’. एका माणसाची गोष्ट वाचून अख्ख्या समाजावर शेरा. नायजेरियाच्या लेखिका चिमामांडा न्गोझी अडीचीनं २००९च्या भाषणात एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली आहे: तिच्या कादंबरीतल्या बापावरून तो म्हणाला की नायजेरियातले पुरुष मारझोड करणारे असतात हे वाचून वाईट वाटलं. त्यावर ती म्हणाली, मीही नुकतीच एका अमेरिकन खुन्यावरची कादंबरी वाचली, तिथले तरुण सगळे खुनी असतात हे वाचून मलाही वाईट वाटलं. ही गोष्ट सहा आठवड्यांच्या सुरुवातीला सांगा, शेवटी नको. आणि वहीत ‘संस्कृती’ हा शब्द दिसला की खाली रेघ मारून एवढंच लिहा: कोण? कुठलं पान?

उरलेले सहा आठवडे मुलांच्या निवडीचे. तुमच्या १८मधली वगळलेली पुस्तकं इथे कामी येतात. चार-पाच जणांचा गट, एक पुस्तक, आणि प्रत्येकाचं एक दीर्घ लेखन: निबंध, अनुवाद आणि टिपण, किंवा वाचलेल्या कृतीला उलट उत्तर देणारी स्वतःची कथा. सेनेगलच्या मारियामा बा यांची १९७९ची पत्ररूप कादंबरी इथे चांगली चालते, कारण ती लहान आहे आणि पत्र हा घाट मुलांना लगेच उचलता येतो. दोन आठवडे मोकळे ठेवा. ते लागतातच.

एक गोष्ट यादी बघताना बहुतेक जण विसरतात. ‘अँटिगनी’त तीन जण आत्महत्या करतात, ओकोंक्वोही करतो, अकुतागावाच्या कथेत बलात्कार आहे. वर्गातल्या कुणाच्या घरी काय घडलं आहे ते तुम्हाला माहीत नसतं. पुस्तक सुरू करण्याआधी एका साध्या वाक्यात वर्गाला सांगा, पालकांना आधी कळवा, कुणी एकांतात येऊन नको म्हणालं तर कारण न विचारता पर्यायी कृती द्या. शाळेत समुपदेशक असेल तर त्यांना कोणत्या आठवड्यात काय शिकवणार आहात ते ठाऊक असू द्या. पुस्तक टाळायची मात्र गरज नाही.

आता तपासणी, कारण लेखनाचे अभ्यासक्रम बहुतेकदा तिथेच मरतात. दोन तुकड्या, ३५-३५ मुलं, एका निबंधाला १२ मिनिटं धरा. १४ तास. एका निबंधाचे. वर्षात असे चार निबंध आणि त्यांचे कच्चे खर्डे. लाल शाईनं प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसलात तर दिवाळखोरी ठरलेली, आणि मुलं त्या शेऱ्यांतला एकही वाचत नाहीत, शेवटचा आकडा बघून वही मिटतात. मी तीन गोष्टी करतो. सविस्तर शेरा कच्च्या खर्ड्यावरच द्यायचा, पक्क्या प्रतीवर फक्त गुण आणि एक ओळ. एका खर्ड्यात दोनच गोष्टींवर बोलायचं, बाकीच्या दिसल्या तरी गिळायच्या. पहिल्या निबंधात मुद्दा आणि पुरावा, दुसऱ्यात परिच्छेदांचा क्रम, वाक्यरचना आणि शुद्धलेखन तिसऱ्यापासून. आणि आठवड्याला चार-पाच कच्च्या वह्यांचं काहीही तपासायचं नाही, फक्त वाचायचं. कच्च्या वहीत रोज तासाच्या सुरुवातीची दहा मिनिटं लिहिलेलं असतं, आणि त्याला गुण नाहीत हे जाहीर केलेलं असतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून आणण्याचं तुम्ही विचारलं नाही, पण ते येणारच. ‘अमुक कादंबरीचा आशय लिहा’ हा प्रश्न यंत्र पाच सेकंदांत सोडवतं, आणि खरं सांगायचं तर तो प्रश्न यंत्राआधीही वाईटच होता. पोरं तेव्हा मार्गदर्शिकांतून उतरवत होती. माझ्याकडे पहिला खर्डा वर्गात, हातानं होतो. पक्क्या प्रतीसोबत खर्डा जोडावा लागतो. शंका आली तर आरोप न करता पाच मिनिटं समोर बसवून विचारतो: हा दुसरा परिच्छेद तिसऱ्याच्या आधी का? स्वतः लिहिलेलं मूल अडखळत का होईना सांगतं. घरच्या भाषेतल्या म्हणीचा अनुवाद आणि काय निसटलं याचं टिपण, यात तर कुणाकडून लिहून आणायला फारसं काही नसतंच.

राहिला पहिला दिवस. अभ्यासक्रमाचा कागद वाटू नका, नियम सांगू नका, ‘साहित्य म्हणजे काय’ तर मुळीच विचारू नका. जपानच्या राजदरबारातल्या सेई शोनागोन या बाईनं साधारण इसवी सन १०००च्या सुमारास जी टिपणं लिहिली, त्यांत कितीतरी याद्या आहेत: चीड आणणाऱ्या गोष्टी, काळीज धडधडवणाऱ्या गोष्टी. त्यातली एक यादी मोठ्यानं वाचून दाखवा, कुणाची ते न सांगता. मग मुलांना कच्ची वही उघडून स्वतःची यादी करायला सांगा, आठ नोंदी, प्रत्येक नोंद इतकी नेमकी की ती दुसऱ्या कुणाची असूच शकणार नाही. ‘खोटं बोलणारी माणसं’ चालणार नाही. ‘फोनवर बोलताना माझ्याकडे बघून डोळे मिचकावणारा काका’ चालेल. तुम्हीही त्यांच्यासोबत लिहा आणि तुमच्यातल्या दोन नोंदी वाचून दाखवा. मग ज्यांना वाटेल त्यांनी. तास संपायला पाच मिनिटं असताना सांगा की पहिली यादी हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईची होती. कुणीतरी विचारतंच, की तिच्या यादीत आणखी काय होतं. दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी उरलेली पानं झेरॉक्स करून ठेवा.